तिथली प्रत

१

राजीची आंघोळ झाली की तिचा एक फोटो काढायचा, असा त्या घरात नेमच होऊन गेला होता. अंगाला तेल जिरवून, कोमट पाण्याने न्हाऊ घालून, पोरीला पंच्यात गुंडाळून दिवाणावर ठेवलं की मधुवंती ओले हात पदराला पुसायची आणि मोबाइल उचलायची. मग वायर जोडून तो फोटो कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर जायचा, 'राजी' नावाच्या फोल्डरमध्ये. फोल्डरच्या कडेला एक हिरवं चक्र गरगर फिरायचं, जरा दम खायचं, आणि मग त्याच्या जागी बरोबरची खूण उमटायची. खूण उमटली म्हणजे पुण्यात राजीच्या बापाकडे राजी पोचली.

राजीचा बाप समरजीत पुण्याच्या एका कंपनीत दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळायच्या नोकरीला होता. घरच्या कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र त्याचं सोवळं फार कडक. चारचौघांकडे असतं ते विंडोज त्याला चालायचं नाही, लिनक्सच लागायचं. "फुकट आहे, पण कुणाच्या बापाचं नाही," असं तो अभिमानाने सांगायचा. त्याच्यासारख्यांसाठी मोठ्या कंपन्या प्रोग्राम काढत बसत नाहीत. म्हणून कुणीतरी हौसेने घरी बसून लिहिलेला एक प्रोग्राम त्याने उतरवून घेतला होता, आणि मधुवंतीला वाचता यावं म्हणून त्यातलं सगळं इंग्रजी सुट्टीत बसून स्वतः मराठीत केलं होतं.

"हे टपाल नाही हं, मधू," जाताना त्याने समजावलं होतं. "टपालात कागद एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो. इथे तसं नाही. इथे जे आहे तेच तिथे, आणि तिथे जे आहे तेच इथे. तू फोटो ठेवलास की माझ्याकडे येणार. मी काढून टाकला की तुझ्याकडूनही जाणार. समजलं?"

"समजलं की," मधुवंती म्हणाली होती. शाळा सातवीत सुटली म्हणून माणसाला एवढंही कळू नये का?

खरी अडचण होती ती तिच्या सासूची, लीलाताईंची. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "जावळ निघेपर्यंत पोराचा फोटो घराबाहेर जात नाही आपल्यात," लीलाताईंनी बजावलं होतं. "लोकांचे डोळे चांगले नसतात."

"आई, बाहेर कुठे जातोय? कुलुपात जातोय," समरजीत म्हणाला. "इथून निघतानाच कुलूप लागतं, ते माझ्याकडे पोचल्यावर उघडतं. मधे ज्या कंपनीकडे सामान ठेवलंय तिलासुद्धा दिसत नाही, आत पोरीचा फोटो आहे की वाण्याचं बिल."

"म्हणजे ज्याला दिसतच नाही त्याच्या हातात पोर द्यायची?"

"त्याच्याच हातात द्यायची. आंधळ्याची कधी दृष्ट लागते का?"

पण हार मानतील तर त्या लीलाताई कसल्या! त्यांनी अट घातली, की मोबाइलमध्ये फोटो राहता कामा नये. मोबाइल बाजारात जातो, चार हातांत फिरतो. म्हणून हिरवी खूण उमटली की मधुवंती मोबाइलमधला फोटो लगेच पुसून टाकायची. राजी मग फक्त त्या फोल्डरमध्ये उरायची.

२

राजी रडकी होती. पोरं रडतातच, पण ही रडायची ती जगाशी भांडण असल्यासारखी. पाठीची कमान करायची, टाचा चादरीवर घासून घासून लाल करायची, आणि रडता रडता श्वास असा रोखून धरायची की बघणाऱ्याचाच जीव जायचा. उन्हाळ्याचे दिवस, ग्वाल्हेरचं ऊन, मानेवर घामोळ्यांचा थर. माधवगंजातल्या त्यांच्या दोन खोल्या पिठाच्या चक्कीच्या वर होत्या. खाली चक्की घरघरायची, वर खिडकीत कूलर घोंघावायचा आणि या दोघांच्या वर राजी. चक्कीवाला जिन्यात भेटला की हात जोडायचा. "भाभीजी, हमारी चक्की बंद होती है तो आपकी चालू हो जाती है!"

मधुवंती हसल्यासारखं करायची. दळण घेऊन वर आली की मग तिचे डोळे भरून यायचे. पोट दुखत असेल का? दूध पुरत नसेल का? आपलंच काही चुकत असेल का? बाळाचं रडणं थांबवता येत नाही ती कसली आई!

त्या दिवशी आंघोळीनंतर राजी अशीच ताणून रडत होती. नेम मोडायचा नाही म्हणून मधुवंतीने तसाच फोटो काढला. तोंडाचा हा मोठा आ, मिटलेले डोळे, गालावरची काजळाची तीट ओघळून हनुवटीपर्यंत आलेली. फोटो फोल्डरमध्ये टाकला. चक्र फिरलं, आणि फिरतच राहिलं. मग पडद्यावर एक चौकट उघडली. आत समरजीतच्या मराठीत लिहिलं होतं:

'या फोटोच्या दोन प्रती आढळल्या. कोणती ठेवायची?'

खाली दोन फोटो शेजारी शेजारी. एकाखाली 'इथली', दुसऱ्याखाली 'तिथली'.

इथली प्रत तिने आत्ता काढलेलीच. तिथलीही तीच होती. तोच पंचा, तोच दिवाण, चादरीवर खिडकीच्या गजांची तीच सावली. फक्त राजी रडत नव्हती. तोंड मिटलेलं, डोळे उघडे, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. तीट जागच्या जागी.

मधुवंतीला वाटलं, हल्लीचे मोबाइल एका दाबाला दोन-चार फोटो घेतात, त्यातलाच मधला एखादा असेल. पण राजी मधे थांबली कुठे होती? श्वास घ्यायला थांबली असेल. थांबलीच असणार, नाहीतर फोटो आला कुठून?

कोणती ठेवायची? यात विचारायचं काय! परमुलखात, एकट्याने डबा खाणाऱ्या बापाला लेकीचं रडकं तोंड कोण दाखवेल? तिने 'तिथली' दाबलं. चक्राच्या जागी हिरवी खूण उमटली, आणि तिने मोबाइलमधला फोटो पुसून टाकला.

मागे वळली तेव्हा राजी गप्प झाली होती.

३

दुसऱ्या दिवशी आंघोळीला राजी फक्त कुरकुरली. फोटोला पुन्हा दोन प्रती निघाल्या. इथली कुरकुरणारी, तिथली हसरी. मधुवंतीने हसरी ठेवली. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच झालं. पुढे पुढे तर ती चौकट उघडायची वाट बघू लागली. दोन फोटो शेजारी बघून त्यातला चांगला निवडायचा, म्हणजे दुकानात दोन झबली समोर धरून एक निवडायचं तसंच की!

आणि राजी खरंच शांत होत गेली. सोप्या पोरांच्या आया जे सांगतात, आणि बाकीच्या आया ज्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, ते सगळं तिच्या घरी होऊ लागलं. ठेवली तिथे पडून राहायची. दूध दिलं की प्यायची, काढून घेतलं की सोडून द्यायची. झोपवलं की झोपायची.

समोरच्या बिऱ्हाडातली गरिमा कॉलेजात जायची. ती वाटेत डोकावून गेली. "वहिनी, तुमची राजी तर एकदम साबणाच्या ॲडवाली बेबी झाली! क्या खिलाया इसको? मला पण सांगा, माझ्या भावाला खिलवते."

"काही नाही गं. मोठी होतेय."

"इतक्या जल्दी? परवापर्यंत तर पूरा मोहल्ला सर पे उठा रखा था."

लीलाताईंनी राजीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. "गुणाची गं माझी बाय," म्हणाल्या. "सूनबाई, तुझ्या हाताला आता वळण लागलं हो."

लग्न होऊन आल्यापासून सासूने केलेलं ते पहिलं कौतुक. मधुवंतीला ते दिवसभर पुरलं. पण संध्याकाळी राजीला मांडीवर घेऊन बसली असताना तिच्या लक्षात आलं, की पोर आपल्याकडे बघत नाहीये. बघते, पण थोडं बाजूला. कुणी मोबाइल धरून उभं असावं तसं, तिच्या कानाच्या पलीकडे बघून ती हसत होती.

४

"अहो, फोटोंवर तुम्ही काही करता का तिकडे?" तिने फोनवर विचारलं.

"काय करणार?"

"म्हणजे उजळ वगैरे. दोन-दोन प्रती येतात हल्ली. एक इथली, एक तिथली."

"असं होय! दोन्हीकडे एकच फोटो बदलला गेला तर प्रोग्राम गोंधळतो, कुठला खरा म्हणून. मग माणसाला विचारतो. चांगली सोय आहे ती. पण मी तर हात नाही लावला. बघतो नुसता."

"मग तिथली कुठून येते?"

"माझ्याच मोबाइलने आपोआप काही केलं असेल. नाहीतर प्रोग्रामचीच खोड. शेवटी हौशी माणसाने लिहिलेला आहे तो. तू कुठली ठेवतेस?"

"चांगली असेल ती."

"मग झालं की! आणि मधू, मस्त फोटो येतायत हं. सगळ्या ऑफिसला दाखवावेसे वाटतात, पण आईची शपथ आहे. आधी बिचारी किती रडायची, नाही का? जीव तुटायचा बघून. तू केलंस हो हे. माझ्याच्याने नसतं झालं."

फोन ठेवल्यावर तिला हायसं वाटलं. खोड आहे, प्रोग्रामची खोड. कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं म्हणजे तेच खरं. मग तिच्या मनात आलं, की आज फोटोआधीच राजी गप्प होती. हसत होती. तरीही दोन प्रती आल्या होत्या, आणि इथल्या प्रतीत ती रडत होती.

म्हणजे मोबाइलने काढला तो रडणारीचा होता.

मधुवंतीने घाईघाईने तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच होते ते.

५

दुपारची वीज गेली. कूलर घरघरत थांबला, खालची चक्की पट्टा सुटल्यासारखी धापा टाकत बसली, आणि माधवगंजावर अशी शांतता पडली की गल्लीतली सायकल ऐकू यावी.

त्या शांततेत एका श्वासापुरतं रडणं उरलं होतं.

सगळे आवाज बंद झाले तरी तो एक आवाज बंद व्हायला क्षणभर विसरला, असं काहीसं. बारीक, घोगरा, ताणलेला. मग तोही थांबला.

मधुवंती दिवाणापाशी गेली. राजी जागी होती, छताकडे बघत, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"आत्याबाई, तुम्हाला ऐकू आलं?"

"काय?" लीलाताई विंझण्याने वारा घेत होत्या. चोळी घामाने अंगाला चिकटलेली.

"राजी रडल्यासारखं."

"बाळंतिणीच्या कानात पोर रडतंच असतं वर्षभर. माझ्याही रडायचं." त्यांनी विंझणा नातीकडे वळवला. "बघ कशी पडलीये. घामसुद्धा नाही माझ्या सोनीला."

मधुवंतीने राजीच्या मानेखाली हात घातला. मान कोरडी होती. पाठ कोरडी होती. भिंतींना हात लावला तर चटका बसत होता, तिच्या स्वतःच्या हनुवटीवरून थेंब टपकत होते, आणि राजीचं अंग माठाच्या मागच्या भिंतीसारखं गार लागत होतं. घामोळ्यांचा एक ठिपकाही राहिला नव्हता. नाक टेकवून तिने टाळूचा वास घेतला. तेल काल लावलं होतं, आज लावलं होतं. वास नव्हता.

ज्या पोराच्या रडण्याला आपण विटलो होतो, त्याच्या घामोळ्या आठवून आईने कासावीस व्हावं, हे कुणाला सांगायचं? कोण म्हणेल, बाई, तुझं बरोबर आहे? तिने स्वतःलाच समजावलं. पावडरीने गेल्या असतील. मोठी होतेय. डॉक्टरला काय सांगू? पोर रडत नाही, घामेजत नाही, नीट झोपते? हाकलून देईल तो.

वीज आली. कूलर सुरू झाला. आणि त्याच्या घोंघावण्याखाली, अगदी तळाशी, ते पुन्हा सुरू झालं. ती उठून कूलर बंद करायची, काही नाही. चालू करायची, आहे. बंद करायची, काही नाही.

"खेळतेस की काय बटणाशी!" लीलाताई खेकसल्या. "जीव चाललाय इथे उकाड्याने."

६

त्या दिवसानंतर तिने फोटो काढणं थांबवलं. समरजीतला सांगितलं, मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय. पण फोल्डर होताच. लीलाताई देवळात गेल्या तशी ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि ठेवलेले सगळे हसरे फोटो एकेक करून मोठे करून बघू लागली.

राजी, राजी, राजी. सगळीकडे तेच हसू. ती राजीकडे बघतच नव्हती आता. मागे बघत होती. दिवाण, भिंत, दिनदर्शिका, कपाट, आतल्या खोलीचं दार. सगळं त्यांचंच. दिनदर्शिकेचं पानही बरोबर. मग तिच्या लक्षात आलं, की दार उघडं आहे. आंघोळीच्या वेळी वारा लागू नये म्हणून ते दार ती रोज कडी घालून बंद करते. न चुकता.

दाराच्या फटीत अंधार होता. तिने फोटो आणखी मोठा केला. चौकोन चौकोन दिसायला लागले, काळे, करडे, विटकरी. अंधारात खाली, फरशीच्या उंचीवर, एक फिकट डाग.

पुढच्या फोटोत फट जास्त रुंद होती. डाग जवळ आलेला.

शेवटच्या फोटोत तो उंबऱ्यावर होता. छोटी टाच. नुसतीच टाच, बाकी सगळं दाराआड. घासून लाल झालेली, कातडी निघायला आलेली, आणि अशी ताणलेली, जशी पाठीची कमान करून रडणाऱ्या पोराची ताणते. त्या टाचेला मधुवंतीने पाच महिने तेल लावलं होतं. हजार टाचांत तिने ती ओळखली असती.

जवळ कुणी नव्हतं. फरशीवर चादरही नव्हती.

दिवाणावर काहीतरी हललं. मधुवंतीने मान वळवली नाही. पाठीमागून कुणी आपल्याकडे हसून बघतंय हे माणसाला न बघताही कळतं.

७

समरजीतला तिने जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. खरं सांगितलं असतं तर तो आधी घाबरला असता, मग आईला फोन केला असता, मग डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं. आणि तोवर ती टाच कुठवर सोलली असती?

"अहो, मी इथली प्रत काढून टाकली ना, ती कुठे जाते?"

"कुठली?"

"रडकी. दोनांतली एक ठेवली की दुसरीचं काय होतं?"

"वा! आता शिकायला लागलीस खरी," तो खूश होऊन म्हणाला. "लगेच जात नाही ती. 'टाकलेले' म्हणून एक पेटी आहे बघ, फोल्डरच्या खालीच. त्यात पडून राहते. नको असलेलं सगळं तिथे."

"पडून राहते," ती म्हणाली. "आणि ते 'टाकलेले' असतं कुठे? आपल्या घरात?"

"घरात कशाला? मधे. कंपनीच्या कुलुपात."

"तिथे कुणी... कुणी बघतं का त्यांच्याकडे?"

"अगं, तेच तर! कुणालाच दिसत नाही. कंपनीने ठरवलं तरी दिसणार नाही. किल्ल्या फक्त आपल्या दोघांकडे. मधे ठार अंधार." तो हसला. "आई उगीच घाबरते."

मधुवंतीने भिंतीला टेकून डोळे मिटले. "परत आणता येतं का त्यातून?"

"येतं की. फोटोवर जायचं, 'परत आणा' दाबायचं. मीच लिहिलंय ते. जिथून काढला तिथे आपोआप येतो. पण कशाला? आठवण म्हणून? बरं, जेवतो आता. पोरीला पापा दे."

८

लीलाताई आतल्या खोलीत पडल्या होत्या. कूलर चालू, चक्की चालू. मधुवंती कॉम्प्युटरपुढे बसली आणि 'टाकलेले' उघडलं.

सगळ्या तिथे होत्या. रडणाऱ्या राज्या, रांगेने. तिने टाकल्या त्या दिवशी होत्या तशाच असतील असं तिला वाटलं होतं. पण त्या तशा नव्हत्या. पहिल्या फोटोत ती पंच्यात होती. पुढे पुढे पंचा सुटलेला, चादर सरकलेली, तोंड तेवढंच उघडं आणि डोळे उघडे. नुसते उघडे नव्हे, शोधणारे. प्रत्येक फोटोत ते थोडे अधिक आत गेलेले.

एकेक करून सगळ्या परत आणायच्या, तिने ठरवलं. शेवटच्यापासून सुरुवात. 'परत आणा.' हिरवं चक्र फिरू लागलं. फिरलं, दम खाल्ला, पुन्हा फिरलं.

आणि मागे, दिवाणावर, राजी रडली.

कूलरखालून नव्हे, तळातून नव्हे. खोलीत. खणखणीत, फाटक्या गळ्याने, भांडण असल्यासारखी. मधुवंतीची खुर्ची मागे उलटली. बाकीचे फोटो, ती रांग, सगळं राहिलं तिथेच. कुठल्या आईने आधी राहिलेलं काम पुरं केलं असतं?

राजी घामाने निथळत होती. मानेवर घामोळ्यांचं लाल रान, टाचा सोललेल्या, आवाज पार बसलेला. कितीतरी दिवस कुणी उचललं नाही अशा पोराचा बसावा तसा. मधुवंतीने उचलताच तिने दोन्ही मुठींनी ब्लाउज पकडला आणि तोंड मानेत खुपसलं. तेलाचा, आंबट दुधाचा, घामाचा वास आला. राजीचा वास.

"झालं! पुन्हा सुरू?" लीलाताई उठून आल्या. "कुणाची दृष्ट लागली गं माझ्या गुणी बाळाला?"

"रडू दे, आत्याबाई. रडू दे तिला." मधुवंती हसत होती, नाक ओढत होती, पोरीला छातीशी चुरगळत होती. "मी आहे, बाळा. आई आहे. आता नाही सोडायची, कध्धी नाही."

मोबाइल वाजला. लीलाताईंनीच उचलला आणि स्पीकर लावला. बापाने एकदा ऐकावं म्हणून.

"मधू, अगं तो जुना रडका फोटो परत कसा आला इथे?" समरजीतचा आवाज आला. "मी म्हटलं, चुकून दाबलं गेलं तुझ्याकडून."

"अहो, हात लावू नका त्याला!" मधुवंती ओरडली. "ऐकताय? काही करू नका!"

"काय? अगं काही ऐकू येत नाहीये, किती आवाज! राजी रडतेय का? असू दे, तू काळजी करू नको, मी काढला तो. आणि ते 'टाकलेले'पण रिकामं करून टाकलं एकदाचं. जागा भरत आली होती, केव्हाचं करायचं होतं. आता सगळं स्वच्छ."

कोपऱ्यात हिरवं चक्र फिरत होतं. मधुवंती ते बघत होती. राजीला घट्ट धरून, जणू माणसाच्या हातात तेवढा जोर असतो.

राजीने पुढच्या रडण्यासाठी मोठा श्वास आत ओढला.

तो बाहेर आला नाही.

ब्लाउज धरलेल्या मुठी सुटल्या. मानेतलं ओलं तोंड कोरडं झालं.

"बघितलंस?" लीलाताई फोनकडे तोंड करून कौतुकाने म्हणाल्या. "तुझा आवाज ऐकला आणि गप्प झाली! बापाला ओळखते हो."

"खरंच? राजी! ए राजीबाय! हसतेय का गं ती, मधू?"

कॉम्प्युटरवर बरोबरची खूण उमटली होती. मघाच्या त्या रडण्याने तिला पान्हा फुटला होता. दोन्हीकडून दूध वाहत होतं, ब्लाउज भिजून ओघळ पोटापर्यंत आले होते, साडीच्या निऱ्यांत उतरत होते, थांबत नव्हते. आणि तिच्या कडेवर जे होतं ते, गार, कोरडं, तिच्या कानाच्या पलीकडे बघत पडून होतं. त्याला भूक नव्हती.